बायोच्या मापाची गाडी

चूक माझीच होती, पण ती मी मोठ्या आत्मविश्वासाने केली. एका रविवारी सकाळी मुलुंडच्या आमच्या गल्लीत एक भलामोठा कंटेनर शिरला आणि आंब्याच्या झाडापाशी अडकला. पुढे जाईना, मागे येईना. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या. ड्रायव्हर खाली उतरला, त्याने आमच्या दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "सामान कितना है?"

"सामान नाही," मी म्हणालो. "घोडी आहे."

"कितनी?"

"एकच."

ड्रायव्हरने माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं हा आता पोलिसांना फोन करणार. तेवढ्यात आमचे घरमालक बाहेर आले. अंगात बनियन, खांद्यावर पंचा. त्यांनी कंटेनरला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. मागचं दार उघडायला लावलं, आत डोकं घातलं आणि एक टाळी वाजवली. टाळी आत घुमत गेली आणि बऱ्याच वेळाने परत आली. मग ते माझ्याकडे वळले.

"कोणी सांगितल्यान तुका?"

"कोणी नाही, मालक. मला वाटलं, मोठी गाडी असली की घोडीला ऐसपैस उभं राहता येईल."

"बिल्डरान सांगितल्यान?"

"नाही हो."

"मगे त्या दलालान?"

"कोणीच नाही. मीच ठरवलं."

"ह्या माका पटणा नाय," मालक म्हणाले. "येवढी अक्कल एकट्या माणसाची असूकच शकणा नाय."

आमची स्वतःची इमारत पाडून नवी बांधायला दिली होती, म्हणून आम्ही नवरा-बायको या घरात मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. पुढच्या खोल्यांत मालक एकटेच. शेजारी मंडपाच्या सामानाचं एक गोडाऊन आणि त्याला लागून पत्र्याचा तबेला. तबेल्यात एक पांढरी घोडी, नाव बायो. मालकांचा जन्म मालवणकडचा, वडील गिरणीत, आणि स्वतः त्यांनी आयुष्यभर लग्नाचे मंडप घातले आणि वरातीला घोडी पुरवली. एके काळी चार घोड्या होत्या म्हणे. आता मंडप बंद, तीन घोड्या गेल्या, बायको गेली. उरली ती बायो आणि मालकांचा संशय. पैकी बायो म्हातारी होत चालली होती. संशय मात्र ऐन तारुण्यात होता.

मी एका माल-वाहतूक कंपनीत आहे. तिथे मी बिलं तपासतो. पण बाहेरच्या जगात 'हे ट्रान्सपोर्टमध्ये आहेत' एवढंच कळतं, आणि मीही ते कधी खोडून काढलेलं नाही. त्याचं फळ म्हणजे तो कंटेनर.

मालकांच्या संशयाला लहान-मोठं असं काही नव्हतं. दूधवाल्याने दूध घातलं की ते पेला उन्हात धरून बघत. काय दिसायचं कुणास ठाऊक, पण दूधवाला तेवढा वेळ हात बांधून उभा राहायचा. टीव्हीवर पाऊस येणार असं सांगितलं, की ते म्हणत, "छत्रीवाल्यांका मिळालेले आसत." किती वाजले हे ते आधी मला विचारत, मग माझ्या बायकोला, मग भाजीवाल्याला, आणि शेवटी आकाशाकडे बघून स्वतःच ठरवत. बाजारात मिळणारी मोजपट्टी तर त्यांच्या लेखी उघड दरोडा होता. कारण पट्टीच्या टोकाचा पत्रा जरासा हलतो. "बघ, बघ!" ते पट्टी माझ्या नाकापुढे नाचवत म्हणाले. "हलता. मुद्दाम हलतो ठेवलेलो आसा. साऱ्या मुंबयेत घरां लहान कित्याक झाली, आता कळला?" तिच्याऐवजी ते आपली बांबूची काठी वापरत. तिच्यावर सुरीने पाडलेल्या खाचा होत्या आणि कुठली खाच कशाची हे फक्त त्यांना माहीत होतं.

एकदा माझ्या बायकोने बांगड्याचं तिखलं केलं आणि वाटीभर त्यांना नेऊन दिलं.

"कित्याक?" मालकांनी विचारलं.

"सहज."

"सहज कोण काय देत नाय, चेडवा."

तिला ते 'चेडवा' म्हणजे पोरी म्हणत. दुसऱ्या दिवशी वाटी धुऊन परत आली, आत एक नारळ. उपकार रात्रभरही अंगावर राहू द्यायचे नाहीत, असा बाणा. बायको म्हणाली, "मी तिखलं दिलं, यांनी पावती पाठवली."

नवरदेवांचे तर ते मोठे हाल करत. घोडीवर बसवण्याआधी नवऱ्याच्या तोंडाचा वास घेत. ही गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकलेली: घाटकोपरला एका वरातीत नवरा सारखा लगाम ओढत होता, फोटोवाल्याने सांगितलं म्हणून घोडीची मान वर करत होता. मालकांनी भर रस्त्यात त्याला खाली उतरवलं. वरात थबकली. नवरीकडची एक आजी काठी टेकत पुढे आली आणि विचारती झाली, काय झालं? मालक म्हणाले, "काय नाय. नवरो घोडयेक पसंत नाय." तो नवरा मांडवापर्यंत चालत गेला. मी विचारलं, "मग लग्न झालं का?" मालक म्हणाले, "लग्न झाला. पण घोडयेन आपला मत दिलेला होता."

अशा माणसाचा आम्हाला संशय न येता तरच नवल. राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात बायको मला म्हणाली, "अहो, हा माणूस साधा नाही. रोज जेवण झालं की तबेल्यात जातात आणि आत कुणाशी तरी बोलतात. आवाज चढवून."

"फोनवर असतील."

"फोन घरात चार्जिंगला असतो. मी बघितलंय."

म्हणजे हिने तेही बघितलं होतं. दोन दिवस आम्ही भिंतीला कान लावून काढले. 'मी तुका आधीच सांगितलंय', 'तो मेलो तसलोच', 'आता रडान काय उपयोग' अशी वाक्यं यायची. बायकोने तर आत कुणाला तरी कोंडलंय इथपर्यंत मजल मारली. शेवटी मी हळदीचं निमित्त करून तबेल्यात गेलो. मालक पालथ्या बादलीवर बसून बायोला पेपर वाचून दाखवत होते. चोऱ्या, फसवणूक, अफरातफर, तेवढंच. बायो कान टवकारून ऐकत होती. मी आत आल्यावर दोघांनी एकदमच माझ्याकडे मान वळवली, आणि दोघांच्याही नजरेत एकच प्रश्न होता: हा कशाला आला?

तर गोडाऊन आणि तबेल्याची ती जागा मालकांच्या मालकीची नव्हती. ती बिल्डरकडे गेली आणि तबेला मोकळा करून द्यायची वेळ आली. मालकांची बहीण पालीला राहते. तिथे मोठं शेत, विहीर, चरायला गवत. बायोला तिथे पोचवायची, एवढंच काम होतं. पण तेवढंच होत नव्हतं.

कारण काही वर्षांपूर्वी एका लग्नाहून परत येताना बायो गाडीत पडली होती. त्या दिवशी नेहमीची गाडी मिळाली नाही म्हणून कुणीतरी विटांचा मोठा ट्रक आणला. ड्रायव्हरने वळणावर ब्रेक मारला आणि एकटी बायो त्या रिकाम्या हौद्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरत गेली. पुढचा गुडघा फुटला. तेव्हापासून ती कुठल्याही गाडीत चढायला तयार नव्हती. आणि त्या गुडघ्यावर ती पालीपर्यंत डांबरी रस्त्याने चालत जाणंही शक्य नव्हतं.

दुसरा मार्ग म्हणजे दलाल. पांढरा शर्ट, गळ्यात साखळी, खिशात गुळाचा खडा. रोज संध्याकाळी यायचा.

"काका, घोडी आपल्याला द्या. एक नंबर जागा आहे आपली."

"खंय?"

"आहे ना, लांब."

"लांब म्हणजे खंय?"

"काका, टेन्शन कशाला घेता यार? घोडी सुखात राहील."

जागेचं नाव त्याच्या तोंडून कधीच निघालं नाही. म्हाताऱ्या घोड्या घेऊन हा करतो काय, हा प्रश्न आमच्या घरातही कुणी मोठ्याने विचारला नाही. मालकांचा संशय आणि आमचा संशय असा एकाच माणसावर प्रथमच जुळला.

कंटेनरच्या प्रकरणानंतर मालकांनी मला दूर करायला हवं होतं. त्यांनी उलट मला बरोबर घ्यायला सुरुवात केली. "तू नजरेसमोर बरो," म्हणाले.

गोवंडीला जुन्या गाड्यांच्या एका यार्डात घोड्यांचे दोन ट्रेलर आहेत असं कळलं. गाडीच्या मागे जोडायचे, बंद डब्यासारखे. एक मोठा, दोन घोड्यांचा, मध्ये फळ्यांची आडभिंत; एका बंद पडलेल्या घोडेस्वारीच्या शाळेचा. दुसरा छोटा, एका घोड्याचा, शूटिंगवाल्यांनी विकलेला, नवा निळा रंग दिलेला. मालकांनी आधी रंगावर नख ओढून पाहिलं. मग काठी काढली. कान टवकारून मान वर केल्यावर बायो कुठवर जाते, छातीपासून शेपटीपर्यंत किती, पोटाचा घेर किती, सगळ्याच्या खाचा होत्या.

"पोटाची खाच श्वास घेतल्यावरची की सोडल्यावरची?" मी गंमत म्हणून विचारलं.

"घेतल्यावरची," मालक गंभीरपणे म्हणाले. "सोडतली तेव्हा तिची ती सोडतली."

मोठ्या ट्रेलरमध्ये काठी फिरवून ते बाहेर आले. "येवढी रिकामी जागा कित्याक ठेवल्यानी?"

"शेठ, दोन घोड्यांचा आहे तो," यार्डवाला म्हणाला.

"माझी एकच आसा. मगे दुसऱ्याच्या जाग्यात काय घालशीत?" त्यांनी यार्डवाल्याकडे असं पाहिलं, की त्यालाही क्षणभर आपण काहीतरी घालणार होतो असं वाटलं असावं.

छोटा मात्र त्यांना पसंत पडला. कानांच्या वर वीतभर मोकळं राहत होतं, अंगाला दोन्हीकडून भिंत लागत होती. "अशी गच्च उभी रवली म्हणजे पडूची नाय," ते म्हणाले. मोठ्या गाडीत घोडी पडली, म्हणजे लहान गाडीत पडणार नाही. कंटेनरनंतर मलाही हा हिशेब बिनचूक वाटला. पण चालवून बघितल्याशिवाय मालक घेणार नव्हते, आणि बायोला गोवंडीपर्यंत आणणार कशी? आणता आली असती तर प्रश्नच मिटला होता. मालकांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी?"

"माझी हाडां आधीच खिळखिळी. माका काय समजतला? चढ."

मी चढलो. मालक पुढे यार्डाच्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसायला निघाले, आणि परत आले. "हात पाठीमागे ठेव," खिडकीच्या गजांतून म्हणाले. "घोडयेक हात नसतत."

आता हे मला कबूल केलं पाहिजे की मी खरोखरच हात पाठीमागे ठेवले. घाटकोपर-मानखुर्दच्या त्या रस्त्याने, निळ्या डब्यात, हात पाठीमागे बांधल्यासारखे धरून, गजांशी तोंड लावून मी चाललो होतो. एका सिग्नलला शेजारी रिक्षा थांबली. आतली बाई नवऱ्याला म्हणाली, "अहो, आत माणूस आहे!"

"बघू नकोस तिकडे," नवरा म्हणाला. "पोलिसांचं काहीतरी असणार."

मी मान हलवून 'तसं काही नाही' असं सांगायचा प्रयत्न केला. त्या बाईने मुलाला जवळ ओढलं.

पहिल्याच वळणावर कळलं ते असं: गाडी वळते तेव्हा माणूस नकळत पाय फाकवतो. घोडीही फाकवणार. इथे दोन्ही पावलं लगेच भिंतीला लागत होती. अंग एकीकडे निघालं की पाय आवरायला येऊच शकत नव्हते. भिंतीने आधार दिला खरा, पण तो दणका देऊनच दिला. पुलाच्या उतारावर ब्रेक लागला तेव्हा कपाळ पुढच्या दांड्यावर. धुळीने शिंका सुरू झाल्या. शिंकायला मान खाली घालावी, तर पुढे तेवढी जागाच नाही. मी ओरडत होतो. मालक पुढे ड्रायव्हरला, तू मुद्दाम हळू तर चालवत नाहीस ना, म्हणून झापत होते.

उतरल्यावर मी सगळं सांगितलं. मालकांनी शांतपणे ऐकलं. "मोठो घेवक लाव म्हणान यार्डवाल्यान सांगितल्यान तुका?"

मी कपाळावरचं टेंगूळ दाखवलं. त्यांनी ते अंगठ्याने दाबून पाहिलं. मी बोंबललो. "खरा आसा," मालक म्हणाले, आणि छोटा ट्रेलर त्यांच्या मनातून उतरला.

मग मला मोठ्यात चढवलं. तिथे आडभिंतीशी अंग टेकत होतं, मान खाली घालायला पुढे हवी तेवढी जागा होती, वारा दोन्हीकडून येत होता. पाय मात्र पुन्हा अडले. ती आडभिंत थेट तळापर्यंत होती. यावर मालकांनी जे केलं, ते मला अजून आठवतं. ते माझ्या शेजारी आले, आपले पाय फाकवून उभे राहिले, आणि खाली बघत बराच वेळ डोलत राहिले, जणू गाडी चालू आहे. मग यार्डवाल्याला म्हणाले, "खालच्यो फळयो काढ." खालच्या फळ्या निघाल्या, वरच्या राहिल्या, आडभिंत थोडी सरकवून बायोच्या पोटाच्या खाचेला लावली. आता अंगाला आधार होता आणि पाय हवे तसे पसरता येत होते. तिसऱ्या फेरीला मी पडलो नाही. हात पाठीमागे ठेवूनही.

तरी मालक खूश नव्हते. त्या फेरीत मागचा ट्रेलरच पुढच्या हलक्या जीपला ढकलत होता, शेपटीने कुत्र्याला हलवावं तसा. ड्रायव्हर म्हणाला, "चलता है." हा शब्द मालकांपुढे उच्चारायचा नसतो. त्यांनी जीप तिथेच सोडून दिली आणि मंडपाच्या धंद्यातल्या जुन्या मित्राकडून जडशी पिकअप मागून घेतली. वर त्या मित्रालाही विचारलं, "लगेच दिलंस. कित्याक?"

ट्रेलर दारात येऊन उभा राहिला. मालकांनी चढायच्या फळीवर गोणपाटं अंथरली, म्हणजे खुरांखाली पोकळ आवाज होऊ नये. बायोला आणलं. ती फळीपर्यंत आली, तिने वास घेतला आणि थांबली. मालकांकडे पाहिलं, ट्रेलरकडे पाहिलं, माझ्याकडे जरा जास्तच पाहिलं. आणि मागे फिरली.

आता सूत्रं मी हाती घेतली. मोबाइलवर मी घोडा गाडीत चढवण्याचे व्हिडिओ पाहिले होते. त्यात सगळे एकच सांगत होते: शांतता राखा. मी घरात कुकरच्या शिट्टीवर बंदी आणली. बायको उघड्या पातेल्यात डाळ शिजवू लागली, आणि डाळीपेक्षा ती जास्त उकळत होती. दाराची बेल काढली. आम्ही सगळे पाय न वाजवता चालू लागलो. मालक दुपारी ट्रेलरमध्ये बसून जेवू लागले, बायोला दिसेल असं. सोलकढी पिऊन ते आतून हाक मारत, अगदी हळू, "ये गो बायो, बघ, कायएक नाय हय." बायो बाहेरून त्यांच्या ताटाकडे बघत राही. इतकी वर्षं पेपर ऐकलेली घोडी. ती कशी फसणार?

शनिवारी दलाल आला तो जरा जोरातच. "काका, सोमवारी तबेल्याचे पत्रे काढणार आहेत. मी सकाळी येतो. गाडीबिडी काही नको, चालतच नेतो." आणि त्याने गुळाचा खडा पुढे धरला. बायो त्याच्यामागे निघाली. एक पाऊल, दोन पावलं, फाटकापर्यंत गेली. दलाल हसून म्हणाला, "बघा, येते की." इतक्या महिन्यांत मालकांना काहीच विचारावंसं वाटलं नाही, असं मी प्रथमच पाहिलं. त्यांनी बायोला परत आणलं आणि तिच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. संशय घ्यायला माणूस लागतो. आता तो जिचा घ्यायचा, ती त्यांची बायोच होती.

रविवारी दुपारी आम्ही पुन्हा कुजबुजत तिला फळीपाशी उभं केलं होतं. आणि माझ्या बायकोचा संयम सुटला.

"अहो, मला एक सांगा," ती मोठ्याने म्हणाली. मी ओठांवर बोट ठेवलं. "बोट खाली घ्या. या घोडीने जन्मात कधी शांततेत काही केलंय का?"

"म्हणजे?"

"वरातीतली घोडी आहे ती! बेंजो वाजला की चालते, बेंजो थांबला की थांबते. तुम्ही हिच्यापुढे शोकसभा भरवलीत. ती बिचारी म्हणत असेल, मेलं कोण?"

मालक तिच्याकडे वळले. "तुका ह्या कोणी सांगितल्यान?"

"सांगायला कशाला हवं, काका? आमच्या लग्नात घोडी होती. बेंजोवाले चहाला थांबले आणि घोडी भर चौकात उभी. हे वर लटकलेले, मागे बेस्टची बस हॉर्न मारतेय, तरी ढिम्म हलली नाही. सगळ्या माहेरच्यांनी बघितलंय."

हे खरं होतं. तो प्रसंग आमच्या घरात दर दिवाळीला निघतो.

मालक तडक गोडाऊनमध्ये गेले. धुळीने माखलेला एक ढोल घेऊन आले. ढोल माझ्या गळ्यात अडकवला. बायोच्या कपाळावर त्यांनी लाल गोंडे बांधले, पाठीवर जरीची झूल टाकली. माझी बायको भिजवलेले हरभरे परातीत घेऊन पुढे उभी राहिली, करवलीसारखी. मी टिपरू उचललं. मला ताल म्हणून जो काही आहे, तो गणपतीच्या आरतीपुरता आहे. पण पहिल्या दणक्याला बायोचे कान उभे राहिले. दुसऱ्याला तिने मान झटकली. कंटेनर बघायला आलेलीच सगळी माणसं पुन्हा गॅलऱ्यांत आली, आणि यावेळी खाली उतरली. मुंबईत ढोल वाजला की कुणाचं लग्न हे विचारायची पद्धत नाही. नाचणारे आले.

वरात निघाली. तबेल्यापासून ट्रेलरपर्यंत असेल पंचवीस-तीस पावलं, पण बायोने ती अख्ख्या मुलुंडातून मिरवत असल्यासारखी टाकली. मी ढोल वाजवत उलटा उलटा फळीवर चढलो. बायो फळीपाशी आली आणि थांबली. खालून कुणीतरी म्हणालं, "वरातीत नाचणारे पुढे लागतात, भाऊ." मला ढोल सोडता येईना. माझी बायको परात घेऊन उभी. आणि मग मालक पुढे आले. आयुष्यभर हजारो वराती पाहिलेला, नाचणाऱ्या माणसाला कायम प्यालेला समजणारा हा म्हातारा. त्याने खांद्यावरचा पंचा काढला, दोन टोकं दोन हातांत धरली आणि नाचू लागला. फार वाईट नाचत होते. पण बायोकडे तोंड करून, एकेक पाऊल मागे घेत, ते फळी चढले. आणि त्यांच्यामागे गोणपाटावर खूर पडला. मग दुसरा.

"वाजव रे!" ते माझ्यावर खेकसले. "थांबलंस तर मेलंस!"

मी पुढच्या लहान दारातून उलटाच बाहेर निसटलो, वाजवत. बाहेर उभा राहून, पत्र्याला तोंड लावून वाजवत राहिलो. मागचा दांडा लागला, कडी पडली, तरी वाजवत होतो. शेवटी बायकोने येऊन माझ्या हातातून टिपरू काढून घेतलं. आत बायो पाय पसरून, आडभिंतीला अंग टेकून, हरभरे खात उभी होती. गल्लीच्या तोंडाशी दलाल आला होता. त्याने सगळं बघितलं. "झकास, काका," म्हणाला, आणि खिशातला गुळाचा खडा स्वतःच तोंडात टाकून निघून गेला.

बायो आत आहे तोवर निघायलाच हवं, म्हणून मालक त्याच दुपारी निघाले. पण त्यांच्या सामानाकडे बघून माझ्या बायकोचा चेहरा उतरला. एका दिवसासाठी निघालेला माणूस भिंतीवरचं घड्याळ काढून नेत नाही. देव्हाऱ्यातला गणपतीही त्यांनी पंच्यात बांधून घेतला होता. "बायो रुळेपर्यंत रवतलंय," एवढंच म्हणाले. बहिणीने फोनवर, आता तिकडेच राहा, एकटा काय करतोस मुंबईत, असं सांगितलेलं आम्ही ऐकलं होतं. अर्थात भिंतीला कान लावून. पिकअपमध्ये बसताना त्यांनी बायकोच्या हातात एक किल्ली ठेवली. पुढच्या खोल्यांची. ज्या माणसाने वाटीभर तिखलं अंगावर ठेवून घेतलं नाही, त्याने घर आमच्या हाती दिलं. "तुळशीक पाणी घाल गो, चेडवा. मागच्या अंगणात आसा," म्हणाले, आणि ड्रायव्हरला, "हळू. पण मुद्दाम हळू नको." ट्रेलर वळणावरून दिसेनासा झाला. वळताना हलला नाही, हे मी पाहिलं.

मी दर थोड्या वेळाने फोन उचलून बघत होतो. उन्हं कलल्यावर फोन आला. मी स्पीकर लावला.

"उतरली," मालक म्हणाले. "चारी पायांर. घाम नाय, काय नाय. गवत खाता."

"वा! मालक, जिंकलात."

"गवताचो माका जरा संशय आसा," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

मी बायकोकडे पाहून हसलो. ती हसली नाही. मालक निघाल्यापासून ती अशीच होती. मागे तुळशीला पाणी घालून ती किल्ली घेऊन पुढच्या दाराकडे गेली, आत एकदा केर काढावा म्हणून. बराच वेळ नुसती खडखड ऐकू आली. मग तिने मला हाक मारली. मीही प्रयत्न केला. तेल घालून पाहिलं, उलटी घालून पाहिली. किल्ली त्या कुलपाची नव्हतीच.

मला वाईट वाटलं. इतकं सगळं करून म्हाताऱ्याचा अजून विश्वास नाही, असं काहीतरी मी पुटपुटलो. बायकोने माझ्या हातातून किल्ली घेतली, तळहातावर ठेवून तिच्याकडे पाहिलं, आणि दुपारपासून पहिल्यांदाच तिचा चेहरा मोकळा झाला.

"बरं झालं हो," ती म्हणाली. "खरी दिली असती, तर मला वाटलं असतं, म्हातारा आता परत येत नाही."